तेल म्हणजे वासना, तर नंदादीपाचं काय?

देवापुढच्या दिव्याचा अर्थ काय, या चर्चेत एकांनी लिहिलंय की तेल म्हणजे वासना, वात म्हणजे अहंकार आणि ज्ञानाच्या ज्योतीत दोन्ही जळून संपतात. देवघरातल्या सांजवातीला हे चपखल बसतं. पण अखंड तेवणाऱ्या नंदादीपाला हे कसं लावणार? तिथं तर तेल संपूच द्यायचं नसतं. आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात कार्तिकात मारुतीच्या देवळात येणारा वाटीभर तेल घेऊन येतो, घर मराठी असो की कन्नड. एकदा समईत पडलं की कुणाचं तेल कुठलं, कोण ओळखणार? मला तरी त्यात वासनाक्षयापेक्षा सेवाच जास्त दिसते. 'दीपज्योती परब्रह्म' म्हणत आपण हात जोडतो तेही ज्योतीलाच.

आणि 'दिव्याऐवजी बल्ब लावला तरी तेच' म्हणणाऱ्यांना एवढंच: वात आधी तेलात नीट भिजवावी लागते, नाहीतर तेल ओढायच्या आत ती स्वतःच करपते. मग काजळी झाडा, वात पुढं सारा, वाऱ्याला हाताचा आडोसा धरा. बटणाला यातलं काही लागत नाही.

तुपाचा दिवा देवाच्या उजवीकडं, तेलाचा डावीकडं, हा रिवाज आमच्याकडंही आहे. पण जागा अडचणीची असली तर आजीमंडळी खुशाल उलटं ठेवतात.