फराळाच्या ऑर्डरी चॅटमध्ये आहेत, व्हिडिओ कापू नका!

प्रेषक: शैला (फराळ समिती)

मंडळी,
कॅनडातल्या आपल्या मंडळाने यूट्यूबवर थेट दाखवलेल्या कोजागिरीचा व्हिडिओ आज रात्री कापणार असं आत्ताच कळलं. कृपया थांबा. मध्यंतरात स्टेजवरून "फराळाच्या ऑर्डरी चॅटमध्ये टाका" अशी घोषणा झाली आणि लोकांनी भराभर टाकल्या. माझ्याकडे फॉर्मवरची यादी आहे, चॅटमधली कुणीच उतरवलेली नाही. शनिवारी चकलीची भाजणी भाजायची आहे. किती, ते कळल्याशिवाय डाळ-तांदूळ तरी किती आणू? आता व्हिडिओ लावून बघतेय, तर मिसिसागाच्या काही ऑर्डरी दिसतात, ब्रॅम्प्टनच्या गायब. त्या कुणी पुसल्या का?
शैला

---

प्रेषक: मंदार (तांत्रिक)

शैलाकाकू, कुणीही काही पुसलेलं नाही. चॅटच्या डोक्यावर 'टॉप चॅट रीप्ले' असं लिहिलेलं असेल. त्यावर दाबून 'लाइव्ह चॅट रीप्ले' निवडा. टॉप चॅटमध्ये यूट्यूब त्याला स्पॅम वाटणारे संदेश गाळतं. दहा जणांनी एकसारखं "2 चिवडा 1 चकली" लिहिलं की त्यातले काही गळणारच. शिवाय चॅट व्हिडिओबरोबर पुढे सरकतं, एकदम सगळं दिसत नाही. मध्यंतरापासून व्हिडिओ चालू ठेवून बसावं लागेल. तीन टिंबांत वेळ दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा. तिथे दिसते ती व्हिडिओतली वेळ, घड्याळातली नाही.

कापायचं कारण: दुसऱ्या गाण्याच्या कराओके ट्रॅकवर कॉपीराइटचा क्लेम (गाण्याच्या मालकाचा हक्काचा दावा) आलाय आणि त्यामुळे व्हिडिओ भारतात दिसत नाही. हा स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नियमभंगाची नोंद, नाही; चॅनेलला धोका नाही. पण सगळ्यांचे आईवडील तिकडे ताटकळलेत, मला रोज फोन येतात. तेवढा तुकडा काढला की क्लेम सुटेल.
मंदार

---

प्रेषक: अरुण

मंदार, तुकडा काढलास की अख्खं चॅट जातं. यूट्यूबच्या एडिटरमध्ये व्हिडिओ कापला की चॅट रीप्ले राहत नाही. 2020 च्या गणपतीचं आठवत असेलच. सुरुवातीचा रिकामा स्टेज तेव्हाच्या समितीने कापला आणि त्या वर्षी घराघरांतून लोकांनी आरतीला जे लिहिलं होतं ते सगळं गेलं. मी तेव्हाही सांगितलं होतं की चॅनेलवर काहीही बदलण्याआधी या ईमेल-यादीवर विचारावं. चॅनेल मंडळाचं आहे, तांत्रिक समितीचं नाही.

आणि फराळाची नोंद दारात टेबल मांडून वहीत घ्यायची पद्धत होती ती उत्तम होती. पैसेही तिथेच जमा व्हायचे.
अरुण

---

प्रेषक: राधिका

अरुणकाका, वही हॉलमध्ये येणाऱ्यांसाठी ठीक. ओकव्हिल-स्कारबरोहून घरी बसून बघणाऱ्यांनी काय करायचं? मला बाळामुळे येता आलं नाही, म्हणून मी चॅटमध्येच लिहिलं. एका संदेशात 200 अक्षरंच बसतात, त्यामुळे माझी ऑर्डर दोन संदेशांत आहे. करंज्या दुसऱ्यात आहेत, त्या सुटू नयेत. आणि घरच्या आयपॅडवर लेकाचं खातं उघडं होतं, म्हणून नाव माझं दिसणार नाही. चित्ता आणि काही आकडे असलेलं नाव ते आमचंच.
राधिका

---

प्रेषक: नितीन

मला एक गंभीर वाटणारी गोष्ट. निम्म्या लोकांनी ऑर्डरीसोबत फोन नंबर टाकलेत. दोघांनी घराचा पत्ताही. व्हिडिओ सगळ्यांना खुला आहे, म्हणजे ते नंबर जगात कुणीही वाचू शकतं. मागच्या वर्षी आमच्या सासूबाईंना 'मंडळातून बोलतोय' म्हणत पैसे मागणारा फोन आला होता. नंबर कुठून मिळाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. चॅट जपायचं कशाला? ऑर्डरी उतरवा आणि काढून टाका.
नितीन

---

प्रेषक: विद्या

नितीनदादा, नंबर झाकायलाच हवेत, पण चॅट काढून टाकू नका हो. आपला कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू झाला तेव्हा साताऱ्यात पहाटेचे साडेचार वाजले होते. बाबा उठून, चहा करून बसले होते. माझी मुलगी पेटीवर बसली तेव्हा त्यांनी लिहिलं, "डावा हात सैल सोड, भात्याला घाई करू नकोस." स्टेजवर तिला ते दिसणं शक्य नव्हतं. घरी आल्यावर मी रीप्लेमध्ये दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती तसं करून बघत होती. बाबा फोनवर फार बोलत नाहीत. चॅटमध्ये मात्र प्रत्येक कलाकाराला दोन-दोन ओळी लिहिल्यात, तबल्याच्या ठेक्यापासून मसाला दुधाच्या रंगापर्यंत. ते बिचारे त्या दिवशी कार्यक्रम बघू शकले, आता भारतात तोच व्हिडिओ बंद. म्हणजे कापायलाही हवं आणि कापूही नये, अशी पंचाईत आहे खरी.
विद्या

---

प्रेषक: मंदार (तांत्रिक)

आज काही कापत नाही. असं करू या:

मूळ व्हिडिओ न कापता 'अनलिस्टेड' करतो. लिंक असलेल्यालाच दिसेल. 'प्रायव्हेट', म्हणजे फक्त निवडक लोकांनाच दिसेल असा, इतक्यात करत नाही, कारण चॅट उतरवायला लिंक चालू लागते. वाय-टी-डीएलपी नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात सबटायटलच्या जागी लाइव्ह चॅट मागितलं की सगळे संदेश नाव आणि वेळेसकट एका फाइलमध्ये येतात. फाइल ओबडधोबड असते, मी ती एक्सेलमध्ये नीट करून शैलाकाकूंना देतो. ती हातात आली की मूळ व्हिडिओचा चॅट रीप्ले सेटिंगमधून बंद करतो. म्हणजे नंबर झाकले जातील आणि व्हिडिओला हातही लागणार नाही.

मग गाण्याचा तेवढा भाग वगळून केलेली प्रत नवीन व्हिडिओ म्हणून चढवतो. भारतातल्यांना ती लिंक द्यायची. तिच्याबरोबर चॅट नसेल, पण विद्याताई, बाबांच्या सगळ्या ओळी तुम्हाला वेगळ्या काढून देतो.

काही संदेश यूट्यूबने तपासणीसाठी अडवून ठेवले असतील तर ते या फाइलमध्ये येणार नाहीत. रीप्लेमध्ये स्वतःची ऑर्डर न दिसणाऱ्यांनी इथे कळवावं.
मंदार

---

प्रेषक: अरुण

योजना मान्य. ती फाइल मंडळाच्या ड्राइव्हवरही ठेव, फक्त तुझ्या लॅपटॉपवर नको. पण नंबर-पत्ते काढून. आणि पुढच्या वेळी स्टेजवरून काय घोषणा करायची ते आधी ठरवा. चॅट दाद द्यायला आहे, हिशेबाला नाही.

---

प्रेषक: नितीन

अरुणकाकांशी सहमत. पुढच्या कार्यक्रमाला चॅटवर एखादा मॉडरेटर बसवा. फोन नंबर दिसला की लगेच काढायचा. मी बसायला तयार आहे.

---

प्रेषक: सुनीता

चकलीची भाजणी नेहमीचीच आहे ना? मागच्या वेळी धणे कमी पडले होते. मी भाजायला येते.

---

प्रेषक: शैला (फराळ समिती)

सुनीता, ये, सकाळी नऊला. घरातली मोठी कढई घेऊन ये. धणे तूच मोजून घाल.

मंदार, यादी गुरुवार रात्रीपर्यंत हवी. राधिका, चित्त्याची नोंद केली, करंज्या धरल्या. बाकीच्यांनी फक्त पदार्थ, पाकिटं आणि घ्यायची जागा मिसिसागा की ब्रॅम्प्टन एवढंच मला वेगळ्या मेलवर लिहा. नंबर या ईमेल-यादीवरही टाकू नका. अनारसे यंदा नाहीत, कृपया कुणी मागू नयेत.
शैला