इनडोअर खेळ, फ्लॅश बंद : आयएसओला एवढं काय घाबरायचं?

कडेचा प्रेक्षक

मत आधीच सांगून टाकतो, मग काय ते सोलून काढा. फ्लॅशशिवाय इनडोअर खेळांचे फोटो काढायला शिकणाऱ्याने आयएसओ (कमी उजेडातला फोटो कॅमेरा किती उजळ करतो तो आकडा) बिनधास्त ६४०० वर न्यावा, आणि निदान सहा महिने नवी लेन्स घेऊ नये.

ही अक्कल भाचीच्या बॅडमिंटनच्या मॅचमुळे आली. साधा कॅमेरा, स्वस्तातली झूम लेन्स, पूर्ण झूम केली की एफ ५.६ (उजेड आत घेणाऱ्या दाराचा आकडा, आकडा मोठा तर दार लहान). कुणीतरी कधीकाळी कानात सांगून ठेवलं होतं, 'आयएसओ ८०० च्या वर जाऊ नकोस, फोटो खराब होतो.' मी आज्ञाधारक. कॅमेऱ्याने बिचाऱ्याने शटर १/६० वर आणून ठेवला, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडा. ३४० फोटो काढले. लेन्समध्ये हाताची थरथर सावरायची सोय आहे, त्यामुळे कोर्टाच्या रेषा स्वच्छ, जाळीची वीण मोजता येईल इतकी स्वच्छ, उंच खुर्चीवरचे पंच स्वच्छ, आणि मधोमध भाचीच्या जागी एक गुलाबी फराटा. हात सावरता येतो, समोरची धावणारी मुलगी कोण सावरणार?

पुढच्या मॅचला, त्याच हॉलमध्ये, मॅन्युअल मोडवर १/५००, एफ ५.६, आयएसओ ६४००. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. १/६० वरून १/५०० म्हणजे तीन स्टॉप गेले, ८०० वरून ६४०० म्हणजे तीन स्टॉप आले. हिशेब चुकता. मॅन्युअल एवढ्यासाठी की हॉलमधला उजेड तासभर तोच असतो, पण कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर पांढरा टी-शर्ट दिसला की फोटो काळवंडतं आणि मागे गडद पडदा आला की चेहरे पांढरेफटक करतं.

त्यातला एक फोटो जपून ठेवलाय. शटल नुकतंच तारांवरून सुटलंय, भाचीची जीभ ओठांच्या डाव्या कोपऱ्यात दातांखाली, कपाळाला घामाने चिकटलेली एक बट. मागच्या पडद्यावर बारीक वाळू पसरल्यासारखे दाणे आहेत, नाही कुठे म्हणतोय? पण दाणे दिसतात म्हणून कुणी फोटो टाकून दिल्याचं मला आठवत नाही. चेहरा हललाय म्हणून टाकलेल्यांची मात्र माझ्याकडे रास पडलीय.

उंटावरचा शहाणा

भाचीचं कौतुक, पण सल्ला घातक आहे.

दाणे आयएसओमुळे येतात हेच मुळात अर्धसत्य. दाणे येतात सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर) उजेड कमी पडल्यामुळे. १/६० ऐवजी १/५०० ला तुम्ही सेन्सरला आठवा हिस्सा उजेड दिलात. आयएसओने फक्त त्या उपाशी सिग्नलचा आवाज वाढवला. उजेड खरोखर वाढवायचा तर दार मोठं उघडा. एफ ५.६ वरून एफ २ वर आलात की आठपट उजेड आत येतो. तोच हॉल, तोच १/५०० आणि आयएसओ पुन्हा ८००! ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ वाली प्राइम (झूम नसलेली) लेन्स ही फोटोग्राफीतली सगळ्यात परवडणारी चैन आहे.

दुसरं, तुम्ही फोकसबद्दल चकार शब्द काढला नाहीत. कॅमेरा फोकस लावतो तेव्हा लेन्समधून जेवढा उजेड मिळेल त्यावरच लावतो. अंधुक हॉलमध्ये एफ ५.६ ची लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते आणि तोवर रॅली संपते. सहा महिने असं काढल्यावर शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट.

कडेचा प्रेक्षक

गणित मान्य. पण ८५ ची लेन्स एफ १.८ वर उघडून, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, पाच मीटरवरच्या खेळाडूवर धरली तर नीट फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम वीतभर असते. जाळीजवळ झेपावलेल्या खेळाडूची रॅकेट, खांदा आणि चेहरा यांत याहून जास्त अंतर असतं. माझ्यासारख्याचा फोकस कोपरावर बसतो आणि डोळे धुक्यात. एफ ५.६ माझ्या चुका पदरात घेते, एफ १.८ घेत नाही.

उंटावरचा शहाणा

मग एफ २.८ वर वापरा! मोठ्या लेन्सचं दार लहान करता येतं, तुमच्या लेन्सचं लहान दार मोठं करता येत नाही. आणि फोकस कोपरावर बसतो तो लेन्समुळे नाही. एकदाच फोकस लावून गप्प बसणारा मोड चालू असेल. सतत पाठलाग करणारा लावा (कुठे एएफ-सी म्हणतात, कुठे सर्वो), आणि कॅमेऱ्याला सगळं मैदान आंदण देऊ नका. मधले दोन-चार फोकस पॉइंट पुरे.

कडेचा प्रेक्षक

...तोच मोड चालू होता. हे एवढं ऐकून घेतो.

काटकसर

मधला मार्ग विचारतो. आयएसओ १६०० ठेवायचा, फोटो काळा येऊ द्यायचा आणि नंतर संगणकावर उजळ करायचा. दाणे कमी नाही का येणार?

उंटावरचा शहाणा

नाही हो. उजेड तेवढाच पडलाय, तुम्ही फक्त बटण नंतर फिरवलंत. रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं असेल तर काही कॅमेऱ्यांत फरक कळणार नाही, काहींत उलट जास्त घाण होईल. जेपेग असेल तर सावल्यांचे चट्टे पडतील. जे वाढवायचं ते काढतानाच वाढवा.

जुनी रीळ

तुमची भांडणं वाचून गंमत वाटली. आम्ही ट्राय-एक्स ४०० ची (आयएसओ ४०० ची कृष्णधवल) रीळ १६०० धरून वापरायचो आणि धुताना जास्त वेळ डेव्हलपरच्या रसायनात ठेवायचो. दाणे असे यायचे की आजचा आयएसओ ६४०० त्यापुढे साय वाटावी. कुणी तक्रार केली नाही. तेव्हा दाण्यांच्या बाबतीत मी 'कडेचा प्रेक्षक' यांच्या बाजूचा.

पण ३४० फोटो? एका मॅचला? आमच्याकडे रिळात ३६. त्यामुळे एक गोष्ट आपोआप शिकलो जी तुम्ही दोघेही बोलत नाही आहात. उडी मारलेला माणूस सगळ्यात वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. वर जाण्याचा वेग संपलेला, खाली येण्याचा सुरू व्हायचाय. व्हॉलीबॉलमध्ये जाळीवर उठलेला खेळाडू, बास्केटबॉलमध्ये टोपलीशी पोचलेला हात, तिथे १/२५० लासुद्धा चेहरा स्वच्छ येतो. म्हणजे तुमच्या १/५०० पेक्षा अख्खा एक स्टॉप फुकट, आणि त्यासाठी ना लेन्स लागते ना आयएसओ. फक्त खेळ कळावा लागतो. पहिला सेट कॅमेरा मांडीवर ठेवून बघा. कोण कुठून उडतो, मारण्याआधी कोणता पाय टाकतो. चेंडू दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो.

संथ

सगळेच गोठवायला का निघालात? १/२००० ला काढलेला बॅडमिंटनचा फोटो बघा : शटल हवेत चिकटवल्यासारखं, खेळाडू मेणाचा. खेळ कुठे गेला? मी मुद्दाम १/३० वर जातो, धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवतो, चेहरा बऱ्यापैकी जागेवर आणि मागचे प्रेक्षक रेघांमध्ये वाहून जातात. आयएसओ ४०० मध्ये काम होतं.

आणि १/५०० ने शटल थांबतं हा गोड गैरसमज आहे. २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची गिनीज विक्रमात नोंद झाली, ताशी ५६५ किलोमीटर. म्हणजे सेकंदाला साधारण १५७ मीटर. १/५०० सेकंदात ते शटल ३१ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, १/१००० मध्ये १६. तुमची भाची एवढं जोरात मारत नसेल, आणि शटल लगेच मंदावतंही, पण रॅकेटवरून सुटताना त्याची रेघच येणार. येऊ द्या की.

कडेचा प्रेक्षक

१/३० ला कॅमेरा फिरवून तुमचे शंभरातले किती फोटो जमतात? खरं सांगा.

संथ

दोन. चांगल्या दिवशी तीन. पण तेच दोन भिंतीवर लागतात.

कडेचा प्रेक्षक

शिकणाऱ्याला शंभरात दोनचा हिशेब सांगितला तर तो कॅमेरा विकेल. आधी ओळखू येणारे चेहरे मिळू देत, मग रेघा. शटलच्या रेघेला माझी हरकत नाही, मी १/५०० खेळाडूसाठी म्हणतोय. मनगटापुढे काय हलायचं ते हलू दे. (माझ्या फोटोत शटल स्पष्ट आलं कारण तो हळूच टाकलेला ड्रॉप होता, हे आता कबूल करून टाकतो.)

वायरवाला

एक मूलभूत प्रश्न. फ्लॅश एवढा पाप का मानताय? अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलच्या सामन्यांत वर्षानुवर्षं छताला मोठे स्टुडिओ फ्लॅश टांगून फोटो काढले गेलेत. कोर्टाकडेला बसलेला फोटोग्राफर रेडिओने ते उडवतो. तिथे जगातले उत्तम खेळाडू खेळतात, त्यांना चालतं. आपल्याकडे नवशिक्यालाच ब्रह्मचर्य?

जाळीपलीकडची

मी खेळते, म्हणून लिहिते. उंच आलेलं शटल बघायला मान वर असते, डोळे पूर्ण उघडे. त्या वेळी समोरून, डोळ्यांच्या रेषेत फ्लॅश उडाला की शटलच्या जागी हिरवा ठिपका दिसतो, आणि पॉइंट गेला. माझा एकदा असा गेलाय, फोटो काढणारे काका नंतर येऊन 'छान आलाय बघ' म्हणाले. मी पाहिलाही नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये तर बीमवर (अरुंद लाकडी पट्टीवर) उलटी फिरणारी मुलगी असते, तिथे प्रश्न पॉइंटचा राहत नाही, मानेचा असतो. स्पर्धांमध्ये उगीच नाही बंदी घालत.

छताच्या फ्लॅशचं वेगळं. ते वर, कोनात, ठरलेल्या जागी असतात आणि समोरून डोळ्यात येत नाहीत. तुम्ही छतावर चढणार असाल तर माझी ना नाही.

उंटावरचा शहाणा

शिवाय प्रेक्षकांतून उडवलेला फ्लॅश खेळाडूपर्यंत पोचतो कुठे? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. पाच मीटरवर जेवढा पडतो त्याचा वीस मीटरवर सोळावा भाग उरतो. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल तेवढं लखलखीत येतं.

वायरवाला

टकलाचा फोटो माझ्याकडे आहे. माघार.

कडेचा प्रेक्षक

आता माझीच अडचण, आणि ती माझ्या मताविरुद्ध जाणारी आहे म्हणून प्रामाणिकपणे टाकतो. काल १/५०० ला बटण दाबून धरलं, ओळीने आठ फोटो. सेटिंग एकच, सगळं मॅन्युअल. पाच नीट. दोन मळकट पिवळे आणि काळपट. एकात वरचा अर्धा भाग नीट, खालचा तपकिरी. कॅमेरा बिघडला का?

जुनी रीळ

कॅमेरा ठणठणीत आहे, दिवे लुकलुकतायत. वीज ५० हर्ट्झची असेल तर जुन्या धाटणीचे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. ६० असेल तर १२०. डोळ्याला कळत नाही. १/१०० ला शटर एक पूर्ण फेरी गिळतो, म्हणून प्रत्येक फोटो सारखा येतो. १/५०० ला तुम्ही त्या फेरीचा पाचवा तुकडा उचलता. कधी शिखर हाती लागतं, कधी दरी. दरीत उजेड कमी होतोच, काही दिव्यांचा रंगही बदलतो. आणि शटरचा पडदा वरून खाली सरकत असताना दिवा मंदावला तर एकाच फोटोत दोन रंग.

उंटावरचा शहाणा

आणि हे ऐकून मला आनंद होत नाहीये, पण माझी एफ १.८ सुद्धा इथे काही करू शकत नाही. मेन्यूत अँटी-फ्लिकर आहे का बघा. कॅननने २०१४ मध्ये सेव्हन डी मार्क टू मध्ये ते आणलं, आता बऱ्याच कॅमेऱ्यांत मिळतं. कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि शिखराची वाट बघून शटर उघडतो. सलग फोटोंचा वेग थोडा मंदावेल. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर इथे बंद करा, त्यात पट्टे जास्त येतात आणि रॅकेटचा दांडा वाकडा दिसतो तो वेगळाच. आलेले पिवळे फोटो रॉमध्ये असतील तर व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) एकेकाचा सुधारता येईल. दोन रंगी फोटो सोडून द्या.

संथ

किंवा १/१०० ला या, आमच्या गावाच्या वेशीपर्यंत तरी.

कडेचा प्रेक्षक

सापडलं! मेन्यूच्या तिसऱ्या पानावर होतं, दोन वर्षं बंद. शनिवारी पुन्हा मॅच आहे. फोकस पाठलागावर, मधले पॉइंट, अँटी-फ्लिकर चालू, रॉ, पहिला गेम कॅमेरा मांडीवर. आयएसओ ६४०० वरून मी हटत नाही आणि लेन्सही घेत नाही.

उंटावरचा शहाणा

घेऊ नका. एका दिवसासाठी कुणाकडून तरी ८५ मागून आणा. अर्धी मॅच तुमच्या एफ ५.६ वर ६४०० ने, अर्धी मागून आणलेलीवर एफ २.८ आणि १६०० ने. दोन्हींतले नीट आलेले आणि गेलेले मोजून आकडे इथे टाका.

कडेचा प्रेक्षक

गेलेलेही मोजायचे? बरं. रविवारी धागा वर काढतो.

जाळीपलीकडची

मोजताना एक बघा, ८५ घेऊन पुढे सरकत सरकत बॅकलाइनच्या मागे, खेळाडूच्या नजरेसमोर येऊन बसू नका. फ्लॅश नसला तरी हलणारा माणूस दिसतोच. कोपऱ्यात, जमिनीवर मांडी घालून बसा. तिथून उडीही उंच दिसते.