पहिली गुंतवणूक: प्लॉट की तयार फ्लॅट? कर धरून बोला

शेंद्र्याचा नोकरदार
छत्रपती संभाजीनगरात पगारातून थोडं साचलं की माणूस आधी प्लॉट बघतो. माझं मत उलट आहे. पहिल्यांदा पैसे घालणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट घ्यावा. बांधकाम चालू असलेला ४८ लाखांचा फ्लॅट घेतला तर मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी २ लाख ८८ हजार, नोंदणी फी ३० हजार आणि जीएसटी ५ टक्क्यांनी २ लाख ४० हजार. साडेपाच लाखांवर रक्कम गेली अन् ताबा अजून नाहीच! तयार फ्लॅटला जीएसटी नाही. भाडंही लगेच सुरू होतं. त्यातून मालमत्ता कर वजा जातो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

मांजराकाठ
दादा, नाही पटलं. एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉटलाही जीएसटी नाही. फ्लॅट कर्जावर घेतला की व्याज भाड्यापेक्षा जास्त होतं, आणि नव्या करप्रणालीत तो तोटा पगारातून वजा होत नाही. जुनीत होतो, तोही वर्षाला २ लाखांपर्यंतच. आमच्या लातूरला क्लासेसच्या पोरांमुळे भाडेकरू मिळतो, हे खरं. पण इमारत जुनी होत जाते, जमिनीचं तसं नाही. प्लॉट २ वर्षांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर भरायचा अन् मोकळं व्हायचं.

शेंद्र्याचा नोकरदार
मोकळं कुठं होता? घर विकून दुसरं घर घेतलं तर नफ्याएवढी रक्कम घातली की पूर्ण सूट मिळते. प्लॉट विकला तर नफाच नव्हे, हाती आलेली सगळी रक्कम घरात घालावी लागते. हा फरक प्लॉट विकणारा एजंट सांगत नाही.

जिंतूरचा कापूसवाला
तुम्ही दोघंही शहरातच अडकलात. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर करच नाही.

करसल्लागार, परभणी
भाऊ, त्याला अटी आहेत. १० लाखांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत, १ ते १० लाखांच्या शहरापासून ६ किलोमीटरच्या आत जमीन असेल तर कर लागतो. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. शिवाय आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे नोकरदाराच्या घरी सातबारा नसेल तर ही वाट बंदच.

नवख्यांनी आणखी एक लक्षात घ्या. काही पैसे रोखीत द्यायचे म्हणून कागदावर रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) बरीच कमी किंमत दाखवतात. फरक १० टक्क्यांच्या वर आणि ५० हजारांहून जास्त असेल तर तो खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्याच्यावर कर लागतो. पुढं विकताना नफाही फुगतो, कारण रोखीत दिलेले पैसे कागदावर नसतात.

गेवराईची सून
घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, ती घ्याच. ४८ लाखांवर ४८ हजार वाचतात.

करसल्लागार, परभणी
ताई, जरूर घ्यावी. मात्र पैसा नवऱ्याचा असेल तर भाड्यावरचा कर त्यालाच भरावा लागतो.

मांजराकाठ
बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँपपेपरवर, गुंठेवारीचा (परवानगीशिवाय तुकडे पाडलेला) प्लॉट घेऊन मुद्रांक वाचवणाऱ्यांना मीही विरोधच करीन. पण खरेदीखताने घेतलेला, कर्जाशिवायचा एनए प्लॉट मला आजही फ्लॅटपेक्षा बरा वाटतो. भाडं नाही, तसा दरवर्षी भाड्यावरचा करही नाही. ज्याला १० वर्षं पैसे लागणार नाहीत, त्याने तोच घ्यावा.