विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉईडच का?

पेट्रीडिश :
परवा इथे एका सदस्यांनी ठासून लिहिलं, "विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉईड नक्की. त्यावर ब्लड कल्चर सांगणारे डॉक्टर फक्त बिल फुगवतात." खाली लाइकांची रांग लागली. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते.

विडाल ही टायफॉईडसाठीची १८९६ सालची रक्ततपासणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेल्या अँटीबॉडी मोजते. त्या पहिला आठवडा संपताना दिसू लागतात आणि आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतात. आपल्याकडचं पाणी पिऊन मोठा झालेला माणूस ठणठणीत असला तरी त्याचा 'ओ' अँटीबॉडीचा टायटर (प्रमाण) १:८० निघू शकतो, म्हणजे रक्त ऐंशीपट पातळ केलं तरी ती दिसते. मलेरियात पॉझिटिव्ह येते, लस घेतली असेल तरी येते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेतले आणि दुसऱ्यात टायटर चौपट झाला, तर त्याला अर्थ आहे. दुसरा नमुना द्यायला येतं कोण? आणि तापाच्या दुसऱ्याच दिवशी 'विडाल' लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात, त्या रक्तात ती काय दाखवणार?

कल्चरमध्ये खुद्द जंतू वाढतो आणि त्याच्यावर कुठलं औषध चालेल तेही कळतं. टायफॉईडवर एकेकाळी हमखास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता आपल्याकडे बहुतेक वेळा चालत नाही. हे विडालने नाही, कल्चरने सांगितलं.

कृष्णाकाठचा_जीपी :
ताई, तुमचं पुस्तक बरोबर आहे. माझा दवाखाना तालुक्यापासून आत आहे. ऊसतोडीची बाई तापाने फणफणून येते. कल्चरची बाटली इथे मिळत नाही, नमुना शहरात पाठवायचा, रिपोर्टला तीन ते पाच दिवस. तोवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. शिवाय तुमचं कल्चर शंभरातल्या चाळीसेक टायफॉईडना चुकवतंच. निगेटिव्ह आलं तरी मी औषध देणारच, मग तिच्या मजुरीतून ते पैसे का घालवू?

मी जीभ बघतो, प्लीहा हाताला लागते का बघतो. ताप रोज थोडा थोडा चढत गेलाय का, तापाच्या मानाने नाडी मंद आहे का, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी शून्यावर आलेत का, हे बघतो. विडाल हा त्यातला एक धागा. तो का तोडू?

पेट्रीडिश :
कल्चर का चुकतं तेही सांगा ना, डॉक्टरसाहेब. टायफॉईडमध्ये रक्ताच्या एका मिलीलिटरमागे जेमतेम एखादा जिवाणू असतो. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त हवं, आमच्याकडे येतं दोन मिली, तेही केमिस्टकडून आणलेलं सेफिक्झिम हे अँटिबायोटिक खाऊन झाल्यावर. त्यात काय वाढणार?

साधा_सांगलीकर :
लॅबकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या कटबद्दल, म्हणजे कमिशनबद्दल, कुणीच का बोलत नाही? माझ्या मुलाला ताप आला तर 'फिव्हर पॅनेल' लिहून दिलं. डेंग्यू, मलेरिया, विडाल, लेप्टो, चिकनगुनिया, सगळं एकदम. डॉक्टरांनी रिपोर्टचं पहिलं पान बघितलं आणि फाइल मिटली. लॅबही त्यांनीच सांगितलेली. जंतू कुठला ते आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही.

कृष्णाकाठचा_जीपी :
सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी कट घेत नाही आणि ते इथे सिद्ध करायला बसलेलो नाही.

वैनगंगा :
विडाल आणि कटवरच सगळे बोलताय, म्हणून लिहिते. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. आई धानाच्या बांधावर गवत कापायची. पावसाळा सरताना ताप आला, विडाल पॉझिटिव्ह, टायफॉईड म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू. ताप हटेना. प्लेटलेट घसरल्या तर म्हणाले डेंग्यू असेल. मग श्वास लागला. नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने पडदा ओढून आईचं सगळं अंग तपासलं. डाव्या स्तनाखाली काळी खपली होती, उडदाच्या दाण्याएवढी, भोवती लालसर कडा. दुखत नव्हती, खाजत नव्हती, आईलाही माहीत नव्हती. स्क्रब टायफस, गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप; खपली त्या चाव्याची. सेफ्ट्रायॅक्सोनचा त्याच्यावर काही उपयोग नसतो. डॉक्सीसायक्लिन दिल्यावर ताप उतरला. हे २०१८ नंतरचं आहे, म्हणजे विदर्भात स्क्रबची एवढी साथ येऊन गेल्यावरचं. त्याआधी तिला तपासणाऱ्या एकाही डॉक्टरने तिचं अंग बघितलं नव्हतं.

कृष्णाकाठचा_जीपी :
तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण खोलीत मी एकटा पुरुष, बाहेर बाकावर तिचा नवरा आणि सासरा. अशा बाईला कपडे काढायला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लागेल. एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघा.

वैनगंगा :
म्हणजे बाई आहे म्हणून खपली सापडणार नाही, आणि खपली नाही म्हणून टायफॉईड. खुर्चीत तुम्ही आहात, तर मार्गही तुम्हीच काढायचा. माझी आई व्हेंटिलेटरपर्यंत पोचली होती.

आरोग्यसेविका_माई :
वैनगंगाताईंचा राग रास्त आहे. आम्ही उपकेंद्रात बायकांना आधी खपली असू शकते त्या जागा सांगतो. काख, जांघ, स्तनाखाली, कमरेला नाडी बांधतो तिथे, गुडघ्यामागे. मग म्हणतो, आत जाऊन तुम्हीच हाताने चाचपा, नाहीतर जावेला बघायला सांगा. बहुतेकींची लाज तिथेच मोडते. पाठ मात्र दुसऱ्याच कुणीतरी बघावी लागते. डॉक्टरांनी नुसतं 'कुठे फोड आलाय का' विचारलं तर बाई नाहीच म्हणणार, कारण तो दुखत नाही.

तळकोकणी :
आमच्या दोडामार्गात २०१६ ला माकडतापाचे रुग्ण निघाले. तिथे तर विडाल काय आणि कल्चर काय, दोन्ही निरुपयोगी, कारण तो विषाणू, गोचिडीतून येणारा. पहिल्या दिवसांत पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, केली तरच सापडतो. आणि ती करायची हे सुचायला रुग्णाला विचारावं लागतं, काजूच्या बागेत गेला होतास का, रानात माकडं मेलेली दिसली का. हे विचारायला पैसे लागत नाहीत.

कृष्णाकाठचा_जीपी :
साठ रुग्णांच्या ओपीडीत वेळ लागतो, तोही मोजा. शिवाय मी बहुतेकांना अझिथ्रोमायसिन देतो, ते टायफॉईडवर चालतं आणि स्क्रबवरही.

पेट्रीडिश :
मग रुग्ण बरा झाला तरी कशातून झाला ते तुम्हाला कळत नाही. गावात स्क्रब आहे हे नोंदलं जात नाही, आणि पुढची बाई पुन्हा टायफॉईड म्हणूनच सेफ्ट्रायॅक्सोनवर जाते. वैनगंगाताईंच्या आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

कृष्णाकाठचा_जीपी :
या मुद्द्यावर भांडत नाही. माई सांगतात तशी जागांची यादी बायकोकरवी विचारून घेईन, ती दवाखान्यात बसते. पाच दिवसांपलीकडचा ताप असेल तर औषधाआधी कल्चरसाठी रक्तही घेऊन ठेवेन. पण विडाल बंद करणार नाही, इथे दुसरं काही हाताशी नाही.

पेट्रीडिश :
नका करू. पहिल्या आठवड्यात लिहू नका आणि एकट्या रिपोर्टवर टायफॉईड म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे.

कृष्णाकाठचा_जीपी :
बघतो. कल्चरची बाटली एसटीने संध्याकाळी जाईल. तोवर फ्रीजमध्ये ठेवायची ना?

पेट्रीडिश :
अजिबात नाही! गारठ्याने जंतू वाढतच नाहीत. बाहेरच ठेवा, उन्हापासून लांब, आणि त्याच दिवशी पाठवा. चिठ्ठीवर आधी कुठलं अँटिबायोटिक झालंय तेही लिहा.