वैर तिसऱ्याच भागात का मरतं?

गिरणाकाठ :
मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या मराठी प्रेमकथांत सध्या एक साचा जोरात आहे. ती रक्तपिपासूंच्या घराण्यातली, तो लांडगामानवांच्या टोळीतला, दोन्ही कुळांचं हाडवैर आणि यांचं जुळतं. आता नायक चाळीसगावचा असला तरी पौर्णिमेला त्याचे डोळे पिवळे होतात. होऊ द्यात, मीही असल्या कथा आवडीनं वाचतो. माझी तक्रार वैराबद्दल आहे. पहिल्या दोन भागांत ते डरकाळ्या फोडतं. तिसऱ्यात तिला ठेच लागते, तो सावरतो, की खल्लास. तीनशे वर्षांचं वैर एका ठेचेत मिटलं. पुढचे साठ भाग गैरसमज, अपघात आणि स्मृतिभ्रंश.

आदिपर्वातला कच बघा. असुर मेले की शुक्राचार्य त्यांना संजीवनीनं उठवतात, देव मेले की मेले. म्हणून ती विद्या मिळवायला देवांनी कचाला मुद्दाम शुक्राचार्यांकडे धाडलेला. असुरांना हे कळतं. ते त्याला मारून लांडग्यांना घालतात, मग कुटून समुद्रात मिसळतात, शेवटी जाळून राख शुक्राचार्यांच्याच मद्यात कालवतात. दर वेळी देवयानी बापापाशी रडते आणि बाप त्याला उठवतो. शेवटच्या वेळी कच पोटात, तो बाहेर आला की गुरू मरणार. म्हणून पोटातल्या शिष्याला विद्या शिकवणं भाग पडतं. एवढं सगळं झाल्यावर देवयानी लग्नाचं विचारते आणि हा नाही म्हणतो! तू गुरुकन्या, शिवाय मी तुझ्याच बापाच्या पोटातून आलेला. ती शाप देते, तुला ही विद्या फळणार नाही. तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल, आणि तुला ऋषिपुत्र नवरा मिळणार नाही.

वैर कुठंही पातळ होत नाही. तो ज्या कामाला आला ते काम उरकून जातो, तेही तिच्या जिवावर. मला असलं पाहिजे. वैराला कारण असावं आणि प्रेमात पडणाऱ्यानं त्याची किंमत मोजावी.

केळीबाग, रावेर :
गिरणाभाऊ, कचाची गोष्ट प्रेमकथा कुठे आहे? ती हेरगिरी आहे आणि त्यात एका मुलीला वापरून घेतलंय. तुम्हाला ती भारी वाटते कारण शेवटी लग्न होत नाही. रडवलं की दर्जेदार, हे कुणी ठरवलं?

त्याच आदिपर्वात हिडिंबा आहे. भाऊ सांगतो, माणसांचा वास येतोय, मारून आण, दोघं मिळून खाऊ. ही जाते, भीमाला बघते आणि शिकार विसरते. तुमच्या ठेचेपेक्षाही लवकर! उषेला तर अनिरुद्ध नुसता स्वप्नात दिसला. चित्रलेखेनं एकेकाचं चित्र काढून ओळख पटवली आणि द्वारकेतून झोपलेल्याला उचलून आणला. ही बाणासुराची मुलगी, तो कृष्णाचा नातू. त्यावरून कृष्ण आणि शंकर समोरासमोर उभे राहिले, बाणाचे हजारातले बहुतेक हात गेले, आणि शेवटी वरात द्वारकेला. म्हणजे शत्रूच्या घरात पडलेलं प्रेम वरातीनं संपवायची आपली जुनीच रीत आहे.

मी दिवसभर केळीच्या गाड्यांचा हिशोब बघते. रात्री अकराला कथा उघडते ती शाप ऐकायला नाही.

ठेचाभाकर :
भो, तीनशे वरीसनं वैर एक ठेचमा? आमनं बांधनं भांडण आजून कोर्टमा चालू शे.

गिरणाकाठ :
ताई, हिडिंबा माझ्याच बाजूची आहे. भाऊ डोळ्यांदेखत मेला. लग्नाची अट काय, तर दिवसा भीमाला घेऊन हिंड, रात्री आणून सोड, तेही मूल होईपर्यंत. मग पांडव चालते झाले, ती जंगलातच राहिली. मुलाला मात्र कुरुक्षेत्रावर बोलावलं. कर्णानं अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि कृष्णाला हर्ष झाला. प्रेम पहिल्या नजरेत बसलं असेल, पण फेड युद्धापर्यंत चालू होती. उषेच्या गोष्टीत लढले ते बाकीचे, या दोघांचं गेलं काय? म्हणून तर तिच्यापेक्षा चित्रलेखा जास्त लक्षात राहते.

पांझरा :
तुम्ही दोघं महाभारतातून जरा बाहेर या. देव आणि असुर एका बापाची, कश्यपाची, पोरं. आया वेगळ्या, म्हणजे चक्क भाऊबंदकी. दोन्हीकडं घरदार आहे म्हणून तिथं कथा चालते. भुतांचं तसं नाही. आपल्याकडं भूत जन्माला येत नाही, माणूस मरून होतो. बाळंतपणात गेली ती हडळ. वारस नसताना जीव कशाततरी अडकून गेला तो समंध. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, आणि तो पोर असतो, त्याला प्रेमकथेत ओढूच नका. यांना ना खानदान ना टोळीचा म्होरक्या. जो तो आपल्या पिंपळाला नाहीतर डोहाला एकटा चिकटलेला. भांडले तर हद्दीवरून भांडतील, कुळावरून नाही. लांडगामानव खोडून तिथं समंध लिहिला की कथा मराठी झाली, असं होत नाही.

बरं, बाहेरचं ते वैर तरी कुठं जुनं आहे? पूर्व युरोपात अशीही समजूत होती की जिवंतपणी लांडगा होणारा माणूस मेल्यावर रक्तपिपासू होतो. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’मध्ये लांडगे त्याचा हुकूम पाळतात. दोघांचं हाडवैर हे अलीकडं सिनेमांनी आणि खेळांनी लावून दिलेलं भांडण.

केळीबाग, रावेर :
हद्दीवरून भांडतात म्हणता ना? मग झालं की. वरचा ठेचाभाऊंचा बांध वाचला नाही का? खान्देशात याहून चिवट वैर दाखवा मला. आणि कूळ नाही कसं? ब्रह्मसमंध मेल्यावरही ब्राह्मणच राहतो. उद्या त्याचं नि हडळीचं जुळलं तर गावकीनं, म्हणजे पिंपळकीनं, काय करायचं?

पांझरा :
पिंपळकी 😄 हे मान्य. पण लिहून कोण दाखवणार?

गिरणाकाठ :
मी सांगतो कसं असावं. भडगावकडं जुन्या दगडी विहिरींत वाकून बघा. आतल्या चिऱ्यांच्या फटीत पाखरानं टाकलेल्या बीवरून पिंपळ उगवलेला असतो. आधी हातभर रोप. काही वर्षांनी मूळ मनगटाएवढं होतं, फटीत पाचरीसारखं बसतं आणि चिरा पुढं सरकवतं. एक दिवस तो निसटतो, मग त्याच्या वरचे. झाड तोडायला कुणी धजत नाही, कारण त्यावर कुणीतरी आहे. आणि त्याच विहिरीच्या थारोळ्याशी शेंदूर फासलेले सात दगड, पाण्यात राहणाऱ्या साती आसरांचे. पुढ्यात नारळ, हिरव्या बांगड्या, दहीभात.

आता पिंपळावरचा समंध याच विहिरीत बुडून मेलेला. आसरांनी ओढला, असं गाव म्हणतं. म्हणजे नायिका आसरा, तीच त्याची मारेकरी. त्याचं झाड वाढलं की तिची विहीर ढासळते, तिचं पाणी हटलं की त्याची मुळं वाळतात. यांचं जुळवून दाखवा. कितीही ठेचा लागू देत, चिरा जागेवर येत नाही. वर तिसरा वैरी म्हणून शेजारच्या शेतातला बोअर आहेच, त्याला दोघांचंही सोयरसुतक नाही.

मायमाउली :
हे मला पटलं नाही. आसरांना हडळीच्या पंगतीत बसवू नका. आमच्याकडं घरात नवं बाळ आलं की आधी विहिरीवर जाऊन त्यांची ओटी भरतात. त्या देवता आहेत, कुणाच्या नायिका नाहीत.

केळीबाग, रावेर :
मायमाउली, गंगा शंतनूची बायको झाली. सात मुलं पाण्यात सोडली, आठवा भीष्म राहिला. तिचं देवपण कमी झालं का? उलट कुंभाला गर्दी वाढतेच आहे.

मायमाउली :
गंगेची गोष्ट व्यासांनी सांगितली, ती शापाची गोष्ट आहे. तुमच्या त्या ॲपवर काय लिहितात ते मी बघितलंय. दर पाच ओळींनी ओठ.

तळोदा रोड :
सगळं मजेत चाललंय, पण एक गोष्ट खटकते ती बोलतो. नव्या कथांत ‘डाकीण’ नायिका दिसायला लागली आहे. देखणी, सूडानं पेटलेली, आणि तिला संपवायला आलेल्या भगताच्या मुलाच्या प्रेमात पडणारी. सातपुड्यात डाकीण ही गोष्टीतली बाई नाही. गावात मूल दगावलं, गुरं मेली की बोट कुणाकडं तरी वळतं. ती विधवा असते, एकटी असते, कधी नावावर जमिनीचा तुकडा असतो. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, बाया जिवानिशी गेल्यात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं ठरवून कुणाला छळणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. आणि तुमच्या कथेत ती खरंच मंत्र घालते, खरंच तिच्या नजरेनं गाय आटते. म्हणजे गाव बरोबरच होतं! गिरणाभाऊ, तुम्हाला वैर खरं पाहिजे ना? हे वैर खरं दाखवलं की कुणाची बाजू घेतली जाते?

गिरणाकाठ :
तिथं मी ते खरं मागणारच नाही. समंध आणि आसरा कुणाच्या शेजारी राहत नाहीत, ज्यांना डाकीण म्हणतात त्या बाया राहतात. भगताच्या पोराला तिच्या प्रेमात पडल्यावर कळावं की बापाचा डोळा तिच्या जमिनीवर होता.

तळोदा रोड :
मग त्यात अलौकिक काय उरलं? पोलीस ठाण्याची गोष्ट झाली.

पांझरा :
उरूच नये.

केळीबाग, रावेर :
पोलीस ठाण्याची असो, भगताच्या पोराचं आणि तिचं शेवटी जमत असेल तर मी वाचेन. वैर खोटं निघालं तरी प्रेम खोटं पडत नाही. आणि गिरणाभाऊ, तुमच्या मूळ मुद्द्याला इथं भोक पडलंय, बघा.

घोडेबाजार :
नायकच पाहिजे तर अश्वत्थामा घ्या ना. धडगावकडं अस्तंभ्याचं शिखर आहे, धनत्रयोदशीला यात्रा भरते, डोंगर चढून लोक जातात. कपाळाच्या जखमेला तेल मागत तो फिरतो म्हणतात. अमर, शापित, एकटा. समोर पांडवांच्या वंशातली मुलगी आणा. यापेक्षा मोठं वैर शोधून सापडणार नाही.

गिरणाकाठ :
झोपलेल्या पाच मुलांचा जीव घेतलेला नायक? ती मुलं द्रौपदीची. वर उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं.

घोडेबाजार :
मग रक्तपिपासू सरदारानं तीनशे वर्षांत काय भरीत-भाकरी खाल्ली? त्याला माफ करता ना.

तळोदा रोड :
आमच्याकडं तो अश्वत्थामा ऋषी आहे. लोक नवस बोलतात. नायक करायचा तर आधी एकदा चढून या, मग लिहा.

केळीबाग, रावेर :
घोडेबाजार, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर मला माहीत आहे. सरदारानं ज्यांना मारलं ते कथेत कधी दिसतच नाहीत. नाव नाही, आई नाही, रडारड नाही. म्हणून त्याचा हात हातात घेताना मला काही वाटत नाही. द्रौपदीची पोरं दिसतात. तिनं त्यांच्यासाठी उपोषणाला बसून अश्वत्थाम्याचा मणी मागितला, हे आम्ही कीर्तनात ऐकलंय. म्हणून तो नाही चालणार.

गिरणाकाठ :
ताई, मग सरदारानं मारलेलीही दाखवा की. मी पहिल्यापासून दुसरं काय मागतोय?

केळीबाग, रावेर :
दाखवली तर कथा चांगली होईल, हे कबूल. पण मी वाचणार नाही.