मदत हवी आहे: बंद ट्रेलरचा पत्रा टेपने चिकटवू की रिव्हेट मारू?

मंडळी, इथे अमेरिकेत घरीच ६ बाय १२ फुटी बंद कार्गो ट्रेलर बांधतोय. एकच ॲक्सल, ३५०० पौंडी. तो मध्यापेक्षा थोडा मागे घेतलाय, म्हणजे हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार येईल. भार कमी पडला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागतो.

अडलंय बाजूच्या पत्र्यावर. सांगाडा पोलादी आहे, पत्रा ॲल्युमिनियमचा. उन्हात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून सगळीकडे रिव्हेट मारले की पत्र्याला लाटा येतात. त्यात दोन धातूंमध्ये पाणी साचलं, तर ॲल्युमिनियम भोकांभोवती पांढरी भुकटी होऊन झडतं. म्हणून सांगाड्याच्या खांबांवर व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी मजबूत टेप) आणि फक्त कडांना रिव्हेट, असा विचार आहे.

पण खांबांना प्रायमर मारून झालाय. टेप त्यावर टिकेल की प्रायमरच सोलून येईल? कडेचे रिव्हेट किती इंचांवर घ्यावेत?