हे घेतलं, तेव्हा काय सुटलं? शाळा-कॉलेजातले अनुभव लिहा

अर्थशास्त्राची शिक्षिका, बेळगाव
संधी-खर्चाची व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, उदाहरण विचारलं की पुस्तकातल्या धान्य-कापसावर जातात. फ्रेडरिक फॉन वीझर या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाने मांडलेली ही कल्पना रोजच्या वेळापत्रकातच सापडते. एक गोष्ट धरली की सुटलेल्यांपैकी जी सर्वांत मोलाची, तीच तिची किंमत. सुटलेल्या सगळ्यांची बेरीज नव्हे. आपल्या भागातल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपापले हिशेब लिहा. पालकांनीही लिहा.

जांबोटीकडची
11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकामुलींना सरकारी बस फुकट झाली. आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. खरं आमच्या वाटेला गाड्या मोजक्याच. खो-खोचा सराव कॉलेज सुटल्यावर असतो, आणि संध्याकाळची गाडी चुकली की पुढची अंधार पडल्यावर. घरचे तेवढं थांबू देत नाहीत. मी चांगली पळते, सरांनी संघात घेतलं असतं. म्हणजे त्या गाडीचं माझं भाडं खो-खो. योजना चांगलीच आहे ओ, तिच्यामुळे माझं कॉलेज सुरू राहिलं. आता आमच्याकडे गाड्या वाढवा, एवढंच मागणं.

निपाणीचा
आई विड्या वळते. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत हेच काम. टेंभुर्णीची पानं भिजवायची, पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीने कापायची. पान ओलसरच लागतं, सुकलं तर वळताना फाटतं. मग चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दहावीत असताना पानं कापून देणं माझ्याकडे होतं. मजुरी हजारावर. मी कापत बसलो की आईचा हात नुसता वळण्यात राहायचा आणि हजारी लवकर भरायची.

त्याच वेळेला शेजारचे एक सर पोरांना गणित शिकवायचे, तेही पैसे न घेता. खरं तो वर्ग फुकट नव्हता, गेलो की आईची हजारी अपुरी राहायची. परीक्षा जवळ आली तशी आईच म्हणाली, "तू जा, माझं मी बघते." रात्री उशिरापर्यंत ती एकटी कापायची आणि वळायचीही. त्या दिवसांत किराणा उधारीवर आला. गणितात मला चांगले मार्क पडले, आणि त्यांची किंमत आईनं भरली. निवडणारा एक आणि मोजणारा दुसरा, हे तुमच्या व्याख्येत कुठं बसतं, मॅडम?

चित्ररथवाला, शहापूर
बेळगावची शिवजयंती वैशाखात, म्हणजे सीईटीच्या हंगामात. चित्ररथाचा सराव रात्री जेवणानंतर. घरचे म्हणायचे अभ्यास बुडतो. मला हे कधीच पटलं नाही. त्या वेळी मी पुस्तक उघडलंच नसतं, गाढ झोपलो असतो. सुटली ती झोप, आणि सकाळच्या क्लासला ती जाणवायची. जे तसंही झालं नसतं ते किंमत म्हणून लावू नये.

एक आई, हिंडलगा
क्लासची फी आधीच भरलीय, म्हणून पोराला ताप असला तरी पाठवते. बरोबर ना?

अर्थशास्त्राची शिक्षिका
ताई, फी गेली ती गेली. पाठवलंत तरी, नाही पाठवलंत तरी परत येणार नाही. ती हिशेबात धरूच नका. तेवढ्या वेळात त्याला विश्रांती मिळाली असती, ती तोला.

निपाणीच्या दादा, किंमत कुणाच्या पदरी पडली हे व्याख्या विचारत नाही. माझ्या वर्गात यापुढे ते विचारलं जाईल.

खानापूर, बारावी सायन्स
महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'ई' प्रकार आहे, म्हणून आमच्यातले बरेच जण दोन्ही सीईटी देतात. कर्नाटकच्या सीईटीत गणिताचे 60 प्रश्न 80 मिनिटांत, ओएमआरवर. महाराष्ट्रात 50 प्रश्न 90 मिनिटांत, संगणकावर. दोन्हींचा सराव वेगळा करावा लागतो. शिवाय कर्नाटकच्या रँकमध्ये निम्मा वाटा बारावीच्या मार्कांचा. महाराष्ट्राच्या सरावाला दिलेली प्रत्येक दुपार मी बोर्डाचे पेपर लिहून बघण्यातून काढते, म्हणजे इकडची रँक थोडी खाली जाणार हे धरूनच चाललेय. कोल्हापूरला मावशी आहे, राहण्या-जेवण्याचा प्रश्न नाही, म्हणून परवडतं. मावशी नसती तर एकच सीईटी दिली असती.